१५९ सेंटीमीटरची सेटर वर्ल्ड चॅम्पियनशिपची एमव्हीपी कशी झाली? योशिए ताकेशिताबद्दल सविस्तर

एका दादांनी विचारलंय, त्यांची मुलगी अकरावीत आहे, उंची १५७, कॉलेजच्या व्हॉलीबॉल टीममध्ये सेटर (स्मॅश मारायला बॉल उचलून देणारी) खेळते. तिच्या सरांनी सांगितलं की पुढे जायचं असेल तर लिबेरो (फक्त मागे राहून बॉल उचलणारी) हो. मुलगी काही ऐकत नाही, ती घरात सगळ्यांना जपानच्या योशिए ताकेशिताचे व्हिडिओ दाखवते, १५९ सेंटीमीटर उंची आणि २००६ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपची एमव्हीपी, म्हणजे स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू. दादांनी स्वतः शोधलं तर त्यांना दिसलं की त्या स्पर्धेत जपान सहावं आलं होतं आणि स्पर्धा जपानमध्येच होती. म्हणून ते विचारतायत की हे खरं कर्तृत्व की घरच्या मांडवातलं बक्षीस, आणि मुलीने त्याच्यावर किती भरवसा ठेवायचा.

मी स्वतः सेटर खेळलेली आहे, आता मुलींना कोचिंग करते, आणि हा प्रश्न मला ग्राउंडवर पालक वेगवेगळ्या शब्दांत विचारतच असतात. उत्तर लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

कर्तृत्व खरं आहे, त्यात शंका नको. पण त्या रील्समध्ये जे दाखवतात ना, उंचीवर मात केली, जिद्दीपुढे उंची हरली वगैरे, तसं काही झालेलं नाहीये. ताकेशिताची उंची तिच्या टीमला शेवटच्या मॅचपर्यंत महाग पडत होती. फरक एवढाच की ते नुकसान किती होतं आणि कुठे होतं हे टीमला माहीत होतं, आणि बदल्यात तिच्याकडून जे मिळत होतं ते जास्त होतं. म्हणून दादांचा खरा प्रश्न माझ्या मते असा आहे की ठेंगण्या सेटरमुळे जे पॉइंट जातात ते भरून कोण काढतं. हे डोक्यात ठेवून तिचं करिअर बघितलं तर सगळं नीट लागतं.

आधी उंची नक्की कुठे आडवी येते ते बघू, कारण पुष्कळ पालकांना वाटतं बॉल उचलून द्यायलाच उंची लागते. तेवढी नाही लागत. मुलींचं नेट २.२४ मीटरचं, पास (मागच्या मुलीने उचलून दिलेला पहिला बॉल) नीट आला आणि नेटपासून हातभर लांब राहिला तर १५५ ची मुलगीपण मस्त सेट देते. अडचण आहे ब्लॉकची, म्हणजे नेटवर हात उंचावून समोरचा स्मॅश अडवायची. मॅचमध्ये खेळाडू एक-एक जागा फिरत राहतात, त्या सहा रोटेशनमधली तीन रोटेशन सेटर मागे असते आणि तीन पुढे. पुढे असताना ती साधारण उजव्या बाजूला ब्लॉकला जाते, म्हणजे समोरच्या टीमची चार नंबरवरून (त्यांच्या नेटजवळच्या डाव्या बाजूने) मारणारी बरोबर तिच्यासमोर येते, आणि कुठल्याही टीमचे सगळ्यात जास्त बॉल चार नंबरलाच जातात, पास बिघडला की तर हमखास तिथेच. म्हणजे निम्मा वेळ समोरची १९० ची मुलगी तिच्या हातांच्या वरून मारणार, आणि समोरचा कोच टाइमआउटला तेवढंच सांगणार की बाई, त्या छोटीच्या डोक्यावरून मार. जुन्या पद्धतीत सर्व्हिस आपली असेल तरच पॉइंट मिळायचा, १९९९ च्या सुमारास रॅली पॉइंट आला, म्हणजे सर्व्हिस कोणाचीही असो प्रत्येक रॅलीला पॉइंट, आणि तेव्हापासून डोक्यावरून मारलेला प्रत्येक बॉल थेट स्कोअरबोर्डवर दिसायला लागला. ताकेशिताचं इंटरनॅशनल करिअर बरोबर याच काळातलं, हे लोक विसरतात.

दुसरी छोटी अडचण म्हणजे नेटवर आलेला टाइट पास. उंच सेटर एका हाताने तो वाचवते, समोरच्या मिडलशी (नेटच्या मधोमध ब्लॉक करणारी) झटापट करते. १५९ वालीला तो बॉल सोडून द्यावा लागतो किंवा गमवावा लागतो. त्यामुळे ठेंगण्या सेटरच्या टीमचं रिसीव्ह (समोरची सर्व्हिस उचलणं) चांगलं असावंच लागतं, तिथे तडजोड नाही.

आता तिची गोष्ट. जन्म मार्च १९७८, गाव किताक्युशू, फुकुओका प्रीफेक्चर, जपानच्या दक्षिणेकडचं क्युशू बेट. शाळा संपल्यावर १९९६ मध्ये ती एनईसीच्या टीममध्ये गेली. जपानमध्ये तेव्हा मोठ्या टीम सगळ्या कंपन्यांच्याच, खेळाडू कंपनीच्या पगारावर, आपल्याकडे रेल्वे किंवा पोलिसांच्या टीम असतात त्यातलाच प्रकार. एनईसी तेव्हा लीग जिंकणारी टीम होती, म्हणजे ही कुठल्या तरी कोपऱ्यातल्या टीमची सेटर नव्हती, देशातल्या टॉपच्या टीमची होती आणि तिथून नॅशनल टीममध्ये आली.

मग आलं २००० साल. हे समजल्याशिवाय ताकेशिता समजत नाही. जपानमध्ये महिला व्हॉलीबॉल म्हणजे काय चीज आहे ते आधी लक्षात घ्या. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकला व्हॉलीबॉल पहिल्यांदा आलं आणि जपानच्या मुलींनी गोल्ड घेतलं. ती हिरोबुमी दाइमात्सुंची टीम, जमिनीवर लोळण घेऊन बॉल उचलायचा तो रोलिंग रिसीव्ह जगाला त्यांनी दाखवला. १९६८ आणि १९७२ ला सिल्व्हर, १९७६ ला परत गोल्ड, १९८४ ला ब्रॉन्झ. १९८० ला बहिष्कारामुळे गेले नाहीत, पण क्वालिफाय झाले नाहीत असं कधीच झालं नव्हतं. ते झालं २००० ला, टोकियोत, स्वतःच्या लोकांसमोर खेळलेल्या क्वालिफायरमध्ये. सिडनीचं तिकीट गेलं आणि सेटर होती २२ वर्षांची ताकेशिता.

पुढे काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. एवढी ठेंगणी सेटर ठेवली तर ब्लॉक कुठून येणार, असा सूर लागला. जपानची १९८४ ची ब्रॉन्झवाली सेटर कुमि नाकादा १७६ ची होती, म्हणजे लोकांच्या डोळ्यासमोर उंच सेटरचं उदाहरण घरचंच होतं. मला इथे एक सांगायचंय, टीका करणारे काही मूर्ख नव्हते. प्रश्न बरोबर होता. ब्लॉकमध्ये नुकसान होतच होतं. त्यांनी फक्त एकच बाजू मोजली, आणि एका बावीस वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर सगळ्या टीमचा पराभव ठेवला, ते मात्र वाईट झालं.

२००२ मध्ये तिने एनईसी सोडलं आणि खेळच सोडला. चोविसाव्या वर्षी. दुसरं काहीतरी काम बघायचं असं चाललं होतं. तेवढ्यात जेटीची टीम, म्हणजे जपान टोबॅको, तिच्या मागे लागली. गंमत बघा, जेटी तेव्हा खालच्या डिव्हिजनमध्ये होती. नॅशनल टीमची सेटर राहिलेली मुलगी दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळायला गेली. टीम वर आली आणि ती तिथेच टिकली, रिटायर होईपर्यंत.

२००३ मध्ये नॅशनल टीमला नवीन कोच आले, शोइची यानागिमोतो. त्यांनी ताकेशिताला परत बोलावलं. यानागिमोतो स्वतः सेटर होते, १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकला जपानच्या पुरुष टीममध्ये होते. आणि पुढे २००९ ला जे कोच आले, मासायोशि मानाबे, तेही सेटरच, १९८८ च्या सोलला खेळलेले. म्हणजे तिच्यावर विश्वास टाकणारे दोन्ही नॅशनल कोच सेटर होते. मला हा योगायोग वाटत नाही. स्मॅशर राहिलेला कोच सेटरकडे बघतो तेव्हा पहिल्यांदा ब्लॉक दिसतो, सेटर राहिलेल्या कोचला आधी हात आणि पाय दिसतात. (हे माझं मत, स्मॅशर लोकांनी राग मानू नये.)

या दोघांना तिच्यात काय दिसलं? तर जपानच्या मारणाऱ्या मुलीही तशा उंच नव्हत्या. साओरी किमुरा १८५ ची, ती त्यांच्यात उंच. समोर रशियाची एकातेरिना गामोवा, २०२ सेंटीमीटर. दोन ब्लॉकर नीट उभे राहिले तर जपानी मुलीने कितीही जोरात मारलं तरी बॉल परत येणार. मग पॉइंट मिळवायचा एकच रस्ता उरतो, समोर दोन ब्लॉकर पोचायच्या आत मारायचं. त्यासाठी सेट फास्ट हवा, सपाट हवा, आणि प्रत्येक वेळी तिथेच हवा, कारण फास्ट सेटला मारणारी आधीच हवेत असते, बॉल वीतभर मागे आला तरी संपलं. उंच सेटरचा ढगळ सेट घेऊन ही टीम कुठेच पोचली नसती.

आता तिच्या जम्प सेटबद्दल, कारण व्हिडिओत मुली तेवढंच बघतात आणि नुसत्या उड्या मारत सुटतात. १५९ वालीचा हात खाली असतो, म्हणून तिने उभ्याने सेट दिला तर बॉल आधी वर चढणार, मग बाजूला जाणार, मग खाली येणार. या चढण्यात जो वेळ जातो तेवढ्यात समोरची मिडल दोन पावलं टाकून पोचते. ताकेशिता उडी मारून बॉल वरच घ्यायची, म्हणजे चढणं वाचलं, बॉल हातातून निघाला की थेट अँटेनाकडे, म्हणजे नेटच्या टोकाला उभ्या काठीकडे. उडी मारूनही तिचा हात एखाद्या उंच सेटरच्या उभ्या हाताच्याच आसपास पोचत असणार हे लक्षात घ्या, म्हणजे जे उंच मुलीला फुकट मिळतं ते हिला प्रत्येक बॉलला उडी मारून कमवावं लागायचं. पाच सेटची मॅच झाली की शंभरेक उड्या सहज, आणि त्या सगळ्या पळत येऊन मारलेल्या, कारण पास कधी जागेवर येतो का? मी मुलींना सांगते, तिचा हात नंतर बघा, बॉल येण्याआधी ती बॉलखाली पोचलेली असते का ते बघा. नव्वद टक्के काम पायांचं आहे. ती बॉलखाली थांबलेली दिसते, म्हणून उडी सरळ वर जाते आणि खांदे नेटला काटकोनात राहतात, त्यामुळे समोरच्या मिडलला शेवटपर्यंत कळत नाही की बॉल पुढे जाणार का मागे. उशिरा पोचून तिरकी उडी मारणाऱ्या मुलीचा सेट समोरच्या टीमची लिबेरोसुद्धा वाचते.

अजून एक बाजू जी रील्समध्ये येत नाही. मागच्या तीन रोटेशनमध्ये ती डिफेन्सला असायची आणि डिग (समोरचा स्मॅश उचलणं) जबरदस्त करायची. म्हणजे टीमकडे लिबेरोसोबत अजून एक तशीच मुलगी जमिनीवर. जपान रॅली लांबवून जिंकणारी टीम होती, समोरच्या उंच मुलींना चौथा पाचवा बॉल मारायला लावायचा, तिसऱ्या चौथ्या सेटपर्यंत त्यांची उडी खाली आणायची. या पद्धतीत बॉल उचलणारी सेटर सोन्यासारखी.

अथेन्स २००४ ला टीम क्वार्टर फायनलपर्यंत गेली, चीनने हरवलं. तेव्हा कॅप्टन तोमोको योशिहारा होती. २००५ पासून कॅप्टन ताकेशिता. बीजिंग २००८ ला परत क्वार्टर फायनल, यावेळी ब्राझीलकडून. मध्ये २००७ ला जपानने एशियन चॅम्पियनशिप जिंकली, चोवीस वर्षांनी.

आणि २००६, ज्याच्यावरून हे सगळं सुरू झालं. स्पर्धा जपानमध्ये, पहिल्याच मॅचला जपान तैवानकडून हरलं, घरच्या प्रेक्षकांसमोर. शेवटी रशियाने ओसाकात फायनलला ब्राझीलला पाच सेटमध्ये हरवून वर्ल्ड चॅम्पियन झाले, जपान सहावं. एमव्हीपी ताकेशिता. दादांची शंका रास्त आहे. यजमानपदाचा फायदा असतोच, जपानच्या मॅच संध्याकाळी टीव्हीच्या वेळेला, हॉल भरलेला, सगळ्या कॅमेऱ्यांची नजर तिच्यावर. रशियाच्या एखाद्या मुलीला एमव्हीपी दिलं असतं तर कोणी आक्षेप घेतला नसता, मीही नसता घेतला. पण हरलेल्या टीमच्या खेळाडूला एमव्हीपी ही काही एकदाच घडलेली गोष्ट नाही. लंडन ऑलिम्पिक २०१२ ची एमव्हीपी कोण? कोरियाची किम येऑन-कूंग, आणि कोरिया चौथं आलं होतं, स्पर्धा काही सोलमध्ये नव्हती. योगायोगाने ही किम २००९ ते २०११ जेटीमध्ये ताकेशिताच्याच सेटवर मारत होती, आणि २०१०-११ ला जेटीने पहिल्यांदा लीग जिंकली ती या दोघी असताना.

माझं म्हणणं असं की २००६ चं बक्षीस बाजूला ठेवा. समजा ते यजमानपदामुळे मिळालं, चला, धरून चालू. तरी पुढची सहा वर्षं राहतातच की. २०१० च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला जपान सेमीफायनलला ब्राझीलसमोर दोन सेटने पुढे होतं, हरलं तीन-दोनने, मग ब्रॉन्झसाठी अमेरिकेला पाच सेटमध्ये हरवलं. वर्ल्ड चॅम्पियनशिपमधलं मेडल बत्तीस वर्षांनी. तीही स्पर्धा जपानमध्येच होती म्हणाल तर मग लंडन घ्या.

लंडन २०१२, क्वार्टर फायनल, समोर चीन. स्कोअर देते, २८-२६, २३-२५, २५-२३, २३-२५, १८-१६. पाचही सेट दोन पॉइंटच्या फरकाने. सगळे मिळून जपान ११७, चीन ११५. दोनशे बत्तीस रॅली आणि शेवटी फरक दोनचा. किमुरा आणि युकिको एबाता दोघींनी ३३-३३ पॉइंट मारले. डाव्या बाजूच्या दोन मुलींना एवढे पॉइंट मिळतात तेव्हा समोरच्या टीमला माहीत असतं बॉल कुठे जाणार आहे, तरी थांबवता येत नाही, याचा अर्थ बॉल वेळेत पोचत होता. सेमीफायनलला ब्राझीलने सरळ सेटमध्ये धुतलं, आणि ब्रॉन्झच्या मॅचला जपानने कोरियाला तीन-शून्यने हरवलं, समोर तीच किम. १९८४ नंतर पहिलं ऑलिम्पिक मेडल, अठ्ठावीस वर्षांनी. ताकेशिता तेव्हा चौतीस वर्षांची.

मग कळलं की तिच्या डाव्या हाताची तर्जनी लंडनच्या आधीच फ्रॅक्चर झाली होती. ती तशीच खेळली आणि गवगवा होऊ दिला नाही. जे सेट देत नाहीत त्यांना याचा अंदाज येणार नाही. सेट देताना बॉलचं वजन अंगठा आणि तर्जनीवरच येतं, बाकीची बोटं दिशा सांभाळतात. एका बाजूच्या तर्जनीने बॉल नीट घेतला नाही तर बॉल फिरतो, रेफरी डबल टच देतो, किंवा सेट एका बाजूला घसरतो. माझं साधं बोट मुरगळलं होतं तेव्हा मला आठवडाभर भिंतीवर सुद्धा सेट देववत नव्हता. मी मुलींना हे उदाहरण म्हणून सांगत नाही हां, फ्रॅक्चर बोटाने खेळू नका, गुपचूप डॉक्टरकडे जा. पण तिच्या हातात किती कंट्रोल होता हे यावरून कळतं.

लंडनच्या त्या टीमची दुसरी सेटर हितोमी नाकामिचि, तीसुद्धा १५९ चीच. म्हणजे मानाबेंनी बारा जणींच्या टीममध्ये दोन्ही सेटर ठेंगण्या नेल्या. नाइलाज असता तर एक नेली असती.

आता ब्लॉकचं काय, ते नुकसान कसं भरलं? ठेंगणी सेटर पुढे आली की टीमकडे मोजके मार्ग असतात आणि मी पण तेच वापरते. एक म्हणजे तिला ब्लॉकला उभंच करायचं नाही किंवा करायचं तर फक्त लाइन (बाजूच्या रेषेलगतचा मार) बंद करायला, आणि तिच्या वरून येणारा बॉल कुठे पडणार हे माहीत असल्यामुळे मागच्या दोघींनी आधीच तिथे उभं राहायचं. ठेंगणा ब्लॉक जागेवर राहिला तर तो चालतो, हलला तर मागच्यांना काहीच कळत नाही, म्हणून मी सांगते उंच उडण्यापेक्षा वेळेवर आणि तिथेच उड. दुसरं, सर्व्हिस अशी टाकायची की समोरचा पासच बिघडेल, मग त्यांचा सेट उंच आणि हळू येतो आणि आपली मिडल तिच्या मदतीला पोचते. तिसरं, डबल सबस्टिट्यूशन, सेटर पुढे येते तेव्हा तिच्या जागी उंच स्मॅशर आणि मागे आलेल्या अपोझिटच्या (रोटेशनमध्ये सेटरच्या समोरच्या जागेवरची स्मॅशर) जागी दुसरी सेटर. सेटमध्ये सहा बदल मिळतात, त्यातले चार या अदलाबदलीतच जातात, म्हणजे हेही फुकट नाही. बघा, सगळ्याला टीम लागते. चांगलं रिसीव्ह, चांगली सर्व्हिस, मागे बॉल उचलणाऱ्या मुली, आणि फास्ट सेटवर मारायला शिकलेल्या स्मॅशर. जपानकडे हे सगळं होतं कारण शाळेपासून त्यांना तेच शिकवतात. ताकेशिता उचलून एखाद्या अशा टीममध्ये ठेवली जिथे सगळ्या उंच सेटवर मारतात आणि रिसीव्ह यथातथा आहे, तर ती तिथे मधल्या फळीची सेटर ठरली असती. हे कोणी बोलत नाही.

आणि जपानने तिच्यानंतर काय केलं तेही सांगायला हवं, नाहीतर मी अर्धवट सांगितलं असं होईल. ती २०१३ ला रिटायर झाली. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकला जपानची सेटर होती हारुका मियाशिता, १७७ सेंटीमीटर. म्हणजे ज्या देशाने हे सगळं जवळून बघितलं त्यांनीसुद्धा संधी मिळाल्यावर उंच सेटर शोधलीच. ताकेशिता त्यांच्यासाठी अपवाद होती, नियम नाही. ती स्वतः पुढे २०१६ ला हिमेजीच्या विक्टोरिना क्लबची कोच झाली, नवीन टीम होती, ती हळूहळू वरच्या डिव्हिजनपर्यंत गेली.

तर आता तुमच्या मुलीबद्दल. इथपर्यंतचं सार एवढंच की ठेंगणी सेटर चालते, पण तीन गोष्टी जुळल्या तर: तिचे पाय आणि हात बाकीच्यांपेक्षा खूप पुढे हवेत, ती मागे खेळताना अर्धी लिबेरो हवी, आणि टीमला तिच्यासाठी खेळण्याची पद्धत बदलायची तयारी हवी. पहिल्या दोन मुलीच्या हातात आहेत. तिसरी तिच्या हातात नाही, ती कोचच्या हातात आहे, आणि म्हणून सरांवर रागावू नका. सर कदाचित सिलेक्शनचा विचार करत असतील. ट्रायल्सला दोन दिवसांत टीम निवडायची असते, सगळ्या अनोळखी मुली, तिथे कोण कोणाच्या फास्ट सेटवर मारणार, मग निवडणारे उंची बघतात. मला ते आवडत नाही, पण असंच होतं. लिबेरोसाठी तीच उंची चालते. त्यामुळे सरांचा सल्ला चुकीचा म्हणता येत नाही, घाईचा म्हणता येईल.

मी काय केलं असतं ते सांगते. तिला लिबेरोची सगळी प्रॅक्टिस करायला लावली असती, रिसीव्ह, डिग, मागून हाताने सेट, आणि सेटरही ठेवली असती. यात तिचं काहीच वाया जात नाही, कारण ठेंगण्या सेटरला हे सगळं तसंही लागतं, आणि उद्या लिबेरो व्हावं लागलं तर ज्या लिबेरोला सेट देता येतो तिची किंमत वेगळीच असते. फक्त एक नियम लक्षात ठेवा, लिबेरो पुढच्या तीन मीटरच्या झोनमध्ये उभी राहून बोटांनी सेट देऊ शकत नाही, म्हणजे दिला तर त्यावर नेटच्या वरून मारता येत नाही, त्यामुळे तिने तीन मीटरच्या लाइनमागून उडी मारून सेट द्यायला आत्तापासून शिकावं. जम्प सेट मात्र लगेच सुरू करू नका. आधी उभ्याने, नेटपासून मीटरभर आत, मध्यातून अँटेनापर्यंत सपाट सेट जातो का बघा. तो पोचत नसेल तर ताकद पायातून येत नाहीये, हाताने ढकलतेय. ते जमल्यावर उडी. गुडघ्यांचीपण काळजी घ्या, सिमेंटच्या ग्राउंडवर शंभर उड्या रोज म्हणजे दोन वर्षांत गुडघा बोलायला लागतो. जपानी मुली लाकडी फ्लोअरवर खेळतात.

सरांशी बोलताना लिबेरो का सेटर असं भांडू नका. एवढंच विचारा की सर, ती पुढे असताना आपण किती पॉइंट देतो आणि ती सेट देत असताना किती मिळवतो. मुलीला वहीत दोन रकाने करायला सांगा, चार-पाच मॅच भरा. पुढच्या तीन रोटेशनमध्ये तिच्या डोक्यावरून गेलेले पॉइंट एकीकडे, आणि तिच्या सेटवर आपल्या मुलीला एकच ब्लॉकर मिळाली असे बॉल दुसरीकडे. सर सेटर नसले तरी आकडे त्यांनाही वाचता येतात. आधी सरावासाठी लंडनची चीनविरुद्धची मॅच घ्या, पूर्ण मॅच, हायलाइट्स नको, हायलाइट्समध्ये तिच्यावरून गेलेले बॉल कापलेले असतात. जपानची ३ नंबरची जर्सी बघा.

आणि मुलीचा हात उभ्याने किती वर पोचतो, नेटजवळ उडी मारून किती पोचतो, आणि तुमच्या टीमचं रिसीव्ह कसं आहे, एवढं लिहिलंत तर पुढचं जास्त नेमकं सांगता येईल. नुसत्या १५७ वरून कोणीच काही सांगू शकत नाही.